संपूर्ण अंघोळ घातली

परदेशातून तीन विद्यार्थी येणार आहेत आणि त्यांना मी शिकवायचं आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी उकळत्या पाण्यातून चिमट्याने सिरिंजा काढत होते. मी म्हणाले, “हो सर.” त्यांनी काहीही सांगितलं तरी मी हेच म्हणायचे. ते पुढे गेल्यावर लक्षात आलं की काढलेली सिरिंज मी पुन्हा पाण्यातच सोडली आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मंठ्याहून वाटूरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं तीस खाटांचं धर्मादाय हॉस्पिटल होतं. मोठे डॉक्टर एकच. हाताखाली अधूनमधून एखादा शिकाऊ डॉक्टर यायचा आणि चार-सहा महिन्यांत शहराकडे पळायचा. मी बायकांच्या वॉर्डची सिस्टर.

विद्यार्थी कुठल्याशा गार देशातल्या विद्यापीठाचे होते. एक डॉक्टर होणारा मुलगा, एक नर्स होणारी मुलगी आणि एक फिजिओथेरपी शिकणारी. सहा आठवडे राहणार होते. खेड्यातल्या दवाखान्यात वेगवेगळ्या कामांची माणसं एकमेकांच्या जोडीने कशी काम करतात, ते त्यांनी इथे शिकायचं, असं पत्रात लिहिलं होतं. “म्हणजे टीमवर्क,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं इंग्रजी बरं आहे. दर शनिवारी तासभर शिकवा. बाकीचे दिवस ते तुमच्याबरोबर वॉर्डात फिरतील.”

माझं इंग्रजी बरं होतं म्हणजे काय, तर औषधांची नावं आणि ‘येस डॉक्टर’ एवढं मला न अडखळता म्हणता यायचं. टीमवर्क मात्र मला ठाऊक होतं, असंच मी समजत होते. आमच्याकडे ते होतंच की. सर सांगायचे, आम्ही करायचो. कुणी कुणाला उलटून बोलत नव्हतं. आता यात शिकवायचं काय, हे मला कळेना.

डॉक्टर वाईट नव्हते. ओरडायचेही क्वचितच. पण ते राउंडला आले की वॉर्डात पंख्याची घरघर ऐकू यायची, इतकं सगळं गप्प व्हायचं. ते विचारणार, आपण उत्तर द्यायचं. न विचारता बोलायचं नाही, असा कुणी न केलेला नियम होता. माझ्याआधीची एक सिस्टर एकदा न विचारता बोलली, तर डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. एवढंच. महिन्याभरात ती नोकरी सोडून गेली. गेली ती लग्न ठरलं म्हणून, पण आम्ही सगळ्यांनी त्या बघण्याशीच त्याचा संबंध जोडला होता. मीही जोडला होता, आणि नोकरी जाण्याची भीती माझ्या पोटात कायमची बसली होती. मला लग्न करून कुठे जायचं नव्हतं आणि घरी परत जाण्यासारखं काही नव्हतं.

घर म्हणजे हसनाबादजवळच्या एका गावातली बौद्ध वस्ती. आई-वडील दुसऱ्याच्या रानात रोजाने जायचे. घरात संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची आणि ती संपली की वडील माझ्यासमोर पुस्तक ठेवायचे. मी शिकले, नर्स झाले आणि मग एक गोष्ट केली, जिचा आज मला राग येतो. मी माझी भाषा धुऊन टाकली. न्हाई, मंग, कायला हे सगळं तोंडातून काढून टाकलं आणि रेडिओवरच्या बाईसारखं बोलायला लागले. मी कुठली, कोणाची, हे हॉस्पिटलात कुणाला सांगितलं नाही.

वॉर्डातल्या मावशीने मात्र पहिल्याच आठवड्यात मला गावाचं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं आणि मान हलवून ती कामाला लागली. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात आणि बाप्याला मामा. ही आमची मावशी पन्नाशीची, काटक, हुबेहूब माझ्या आईसारखं बोलणारी. म्हणूनच मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. तिला ते कळत असणार. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

विद्यार्थी आले. मुलगा इतका उंच होता की दारातून येताना वाकायचा. मामाने त्याचं नाव लांब्या ठेवलं. फिजिओथेरपीवाली अंगाने दणकट, हसरी. आणि नर्स होणारी कायम वही घेऊन असायची, म्हणून ती वहीवाली. मला सगळ्यात जास्त भीती तिची वाटायची, कारण ती माझ्याच कामाची होती आणि सगळं बघायची.

पहिल्या शनिवारी मी फळ्यावर डॉक्टर, नर्स, मावशी, मामा अशी एकाखाली एक नावं लिहिली आणि प्रत्येकाची कामं सांगितली. तिघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या शनिवारी वहीवालीने विचारलं, मी एक गोष्ट दाखवू का? तिने वहीत आमच्या वॉर्डातल्या प्रत्येक माणसासाठी एक वर्तुळ काढलं होतं. कोणी कोणाशी बोललं की एका वर्तुळाकडून दुसऱ्याकडे बाण. आठवडाभर तिने हेच केलं होतं. मावशीच्या वर्तुळाभोवती बाणांचं जाळं झालं होतं: पेशंट, नातेवाईक, मामा, सगळीकडे. माझ्याकडे तिचे थोडेच बाण होते. आणि माझ्या आणि डॉक्टरांच्या मध्ये सगळे बाण एकाच दिशेने होते, त्यांच्याकडून माझ्याकडे. तिने विचारलं, तुमच्याकडून त्यांच्याकडे एकही का नाही?

“सर कामात असतात,” मी म्हणाले. मला तिचा भयंकर राग आला. येऊन दोन आठवडे झाले नाहीत आणि बाण मोजतेय!

त्यानंतरच्या बुधवारी अकराच्या सुमाराला जीपमधून एक बाई आणली. बावीस-तेवीस वर्षांची, बरोबर सासू. कपाशीवर फवारणी चालू होती, तिथेच ती रानात पडली होती. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने थबथबलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फवारणीचं औषध अंगात गेल्याची ती खूण आम्हाला पाठ होती. दर हंगामात अशी माणसं यायची. डॉक्टरांनी भराभर सांगितलं: उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू करा, सगळे कपडे काढा, साबणाने दोन-तीनदा अंग धुवा, कातडीवर थेंबही राहता कामा नये.

मी मावशीला म्हणाले, “अंघोळ घालून घ्या. नीट.” आणि पडदा ओढला. पडद्याच्या आत मावशी आणि सासू, बाहेर मी आणि विद्यार्थी. खरं तर मी आत असायला हवं होतं. पण लांब्या विचारत होता की बाहुल्यांची नोंद किती वेळाने ठेवता, आणि मला इंग्रजीत उत्तर देता येत होतं. न अडखळता! तो आनंद मला सोडवेना. मी त्याला तक्ता आखून दाखवत होते, तेवढ्यात पडद्याआडून मावशीचं डोकं बाहेर आलं.

“शिष्टर, डोक्याचं जरा…”

“नंतर, मावशी,” मी म्हणाले. माझ्या त्या धुतलेल्या मराठीत.

डोकं आत गेलं. थोड्या वेळाने मावशी बादली घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर क्षणभर थांबली. मी केसपेपरवर लिहीत होते. इंग्रजीत, टपोऱ्या अक्षरांत, कारण वहीवाली खांद्यावरून बघत होती: कपडे काढले, साबणाने संपूर्ण अंघोळ घातली. खाली वेळ आणि सही. मावशी पुढे निघून गेली.

संध्याकाळपर्यंत बाई सुधारली. अ‍ॅट्रोपिनने घाम आणि लाळ आटली, बाहुल्या मोठ्या झाल्या, तिने पाणी मागितलं. डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले, बघा, नर्सिंग चांगलं असेल तर निम्मं काम होतं. मी फुगले. पाचच्या भेटीच्या वेळेला गावाकडून सासरा आणि मोठा दीर आले. ते दारात दिसताच सासूने घाईघाईने खाटेखालच्या गाठोड्यातून एक फडकं काढलं आणि सुनेच्या डोक्याला गुंडाळलं. हॉस्पिटलच्या झग्याला पदर कुठला? थोरल्यांसमोर सुनेचं डोकं उघडं नको, एवढाच तिचा हेतू. मी लांबून ते पाहिलं आणि मला चांगलंच वाटलं, की म्हातारी सुनेची किती काळजी घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेताना रात्रीची सिस्टर म्हणाली की पहाटेपासून बाईला पुन्हा घाम फुटलाय. राउंडला डॉक्टर खाटेपाशी आले तेव्हा तिच्या छातीत घरघर वाजत होती. बाहुल्या पुन्हा टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर केसपेपर वाचत उभे राहिले. मागे तीन विद्यार्थी. दारात मावशी, हातात बादली.

“सिस्टर, अंघोळ व्यवस्थित झाली होती?”

त्या क्षणी मला ते अर्धं वाक्य आठवलं. डोक्याचं जरा. मी दाराकडे पाहिलं. मावशी माझ्याकडेच बघत होती. माझं तोंड असं कोरडं पडलं, जसं अ‍ॅट्रोपिन मलाच दिलंय. डॉक्टरांनी स्वतः विचारलं होतं, म्हणजे बोलायला मुभा होती. मी बोलायला हवं होतं. पण कागदावर माझी सही होती, आणि ती वाचणारी तीन परकी माणसं समोर होती, आणि मला चष्म्यावरून बघणारे ते डोळे दिसत होते.

“हो सर,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. कातडीवर नाही, म्हणजे पोटात आहे, असं त्यांनी ठरवलं. सासूकडे वळून विचारलं, “घरात काही भांडण झालं होतं का? हिने औषध घेतलंय का?” म्हातारी भीतीने पांढरी पडली. ती शपथा घ्यायला लागली. डॉक्टर म्हणाले की पोलिसांना कळवावं लागेल, तोवर अ‍ॅट्रोपिन दुप्पट करा, पोट धुवायची तयारी ठेवा. आणि ते ओपीडीत गेले. माझ्या एका ओळीने त्या घरावर काय आणलं, ते मी डोळ्यांनी बघत होते.

सांगितल्याप्रमाणे मी अ‍ॅट्रोपिनची ड्रिप वाढवली आणि मावशीला कोपऱ्यात गाठलं. “काल काय राहिलं होतं?”

“डोकं,” ती म्हणाली. “औषदाचा डबा डोक्यावर नेल्ता तिनं. बूच ढिलं व्हतं, चुंबळीतून समदं केसात उतरलं. सासूनं मला आतमधी सांगितलं. पर डोक्यावरून पानी घेऊ देइना ती.”

डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवायची फडक्याची वळी म्हणजे चुंबळ. मी खाटेकडे धावले. काल सासूने सुनेच्या डोक्याला गुंडाळलेलं फडकं म्हणजे तीच सोडलेली चुंबळ होती. जवळ गेल्यावर वास आला. आदल्या दिवसापासून तो वास त्या खाटेभोवती होता आणि आम्ही सगळे तो गाठोड्याचाच समजत होतो. रात्रभर ते फडकं आणि ते केस तिला औषध पाजत होते.

सासू मध्ये आडवी आली. “निजल्या माणसाच्या डोक्यावरून पानी मेल्यावरच घालतेत,” ती म्हणाली. “माझी सून जित्ती हाय. काल बी सांगितलं, आज बी सांगते. बिलकुल न्हाई.”

मी तिला समजावायला लागले, कातडी, शोषण, विष, असं माझ्या पुस्तकी भाषेत. तिने ऐकूनही घेतलं नाही. मग मावशी पुढे झाली.

“निजल्यावर नगं ना? मंग बसती करू तिला. बसून जित्ती माणसंच न्हातेत. तूच चोळ केस, तुझ्या हातानं.”

म्हातारी थांबली. तिने मान हलवली.

पण त्या बाईला बसवणार कसं, तिची मान टिकत नव्हती. मी फिजिओथेरपीवालीला हातानेच दाखवलं आणि ती मुलगी, एक शब्द न बोलता, खाटेवर चढून बाईच्या पाठीमागे बसली. स्वतःच्या छातीचा टेका दिला, एका हाताने कपाळ धरलं. श्वास कोंडू नये म्हणून मान किती पुढे घ्यायची हे तिला बरोबर ठाऊक होतं. लांब्याने नाडी धरली. वहीवालीने वही ठेवून दिली आणि सलाईनची बाटली उंच धरली. मी स्टोअरमधून साबण आणि हातमोजे आणून दिले. मावशी तांब्याने पाणी सोडत होती, सासू मोज्यातल्या हातांनी केस चोळत होती, एकदा, दोनदा, तीनदा. लेकीला न्हाऊ घालताना आई म्हणते तसं म्हातारी काहीतरी पुटपुटत होती. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती आणि काम चाललं होतं.

आणि मी? मी दारात उभी राहून डॉक्टर येतात का ते बघत होते.

फडकं पिशवीत बांधून बाहेर गेलं. बाईला कोरडं करून निजवलं, डोक्याला हॉस्पिटलचा स्वच्छ टॉवेल गुंडाळला. मला वाटलं, सुटले. आता हळूहळू ती सुधारेल आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. तेव्हा वहीवालीने विचारलं, डॉक्टरांना सांगितलंत का?

“हो. साबण आणायला गेले तेव्हा.”

तिचा चेहरा उजळला. तिने वही उघडली आणि माझ्या वर्तुळाकडून डॉक्टरांच्या वर्तुळाकडे एक बाण काढला. पहिलाच. सावकाश, सरळ. मी तो निघताना बघत होते.

अर्ध्या तासात लांब्याने हाक मारली. नाडी एकशे पन्नासच्या वर. बाईचा चेहरा लाल, कातडी कढत आणि कोरडी, बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळे काळेभोर दिसत होते. ती चादर चिमटीत धरून ओढत होती आणि वॉर्डात नसलेल्या कुठल्या तरी वासराला हाका मारत होती. विष येणं थांबलं होतं आणि दुप्पट अ‍ॅट्रोपिन तसंच चालू होतं. आता औषधच तिला मारत होतं. ड्रिप कमी करायला हवी होती, पण किती, आणि पुढे काय द्यायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं होतं. आणि त्यांना ठाऊकच नव्हतं की डोकं धुतलंय. त्यांच्या लेखी ते कालच धुतलं होतं.

मी हाताने ड्रिप बंद केली. नर्सने असं करायचं नसतं. लांब्या माझ्याकडे बघायला लागला. मावशी खाटेपाशी उभी होती. ती म्हणाली, “जा शिष्टर.” एवढंच.

वॉर्डापासून ओपीडीपर्यंतचा व्हरांडा पन्नास पावलांचा असेल. तोवर मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. न बोलावता मी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत डॉक्टर एका म्हाताऱ्याची छाती तपासत होते, बाकावर दहा-बारा माणसं होती. मी दारातूनच बोलले, त्या सगळ्यांसमोर.

“सर, काल डोकं धुतलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. सकाळीही खोटं बोलले. औषध केसातच होतं. आत्ता धुतलंय. नाडी एकशे पन्नासच्या वर गेलीय, ड्रिप मी बंद केलीय.”

त्यांनी कानातून स्टेथोस्कोप काढला. मला वाटलं, आता ते बघणार. ते उठले आणि माझ्या बाजूने धावत गेले.

दुपारपर्यंत आम्ही खाटेपासून हललो नाही. नाडी उतरली, पुन्हा थोडी चढली, डॉक्टरांनी थेंबाथेंबाने औषध सांभाळलं. चारच्या सुमाराला बाईने सासूला ओळखलं. तेव्हा कुठे डॉक्टर खुर्चीवर बसले. पोलिसांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, म्हातारीपाशी जाऊन म्हणाले, “माझं चुकलं, आजी.” मग माझ्याकडे वळले. मी नोकरी गेली असं धरूनच उभी होते.

“मी विचारलं होतं ना सकाळी? मग का नाही सांगितलंत? मी काय वाघ आहे का?”

ते खरंच विचारत होते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मागे उभा असलेला मामा फरशीकडे बघत राहिला.

नोकरी गेली नाही. बाई आठव्या दिवशी स्वतःच्या पायांनी जीपमध्ये चढली, डोक्याला आमचाच टॉवेल. राउंडची पद्धत बदलली: डॉक्टर प्रत्येक खाटेपाशी आधी मावशीला विचारायला लागले, मग मला, मग शिकाऊ डॉक्टरला. पहिले कित्येक दिवस मावशी “काय न्हाई साहेब” एवढंच म्हणायची. मग हळूहळू बोलायला लागली. पुढे दोन हजार सालानंतरही त्या विद्यापीठाची मुलं येत राहिली आणि दर वर्षी तिसऱ्या शनिवारी मी तो केसपेपर टेबलावर ठेवून माझी ओळ वाचून दाखवायचे. हे मी लिहिलं, हे खोटं होतं, आणि यामुळे एक बाई मरणार होती. परकी मुलं वही खाली ठेवून ऐकायची. चांगली शिक्षिका म्हणून माझं नाव झालं. त्या धड्यात माणसं का बोलत नाहीत या प्रश्नाचं मी एक उत्तर द्यायचे. ते उत्तर मी पहिल्या वर्षीच्या तिसऱ्या शनिवारी तयार केलं होतं आणि ते कसं तयार झालं, हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

तो शनिवार म्हणजे त्या आठवड्यातलाच. बाई अजून खाटेवर होती. डॉक्टर ओपीडीत होते. मी तिघांना ती ओळ पहिल्यांदा वाचून दाखवली आणि वहीतला तो बाणही खोटा होता हे सांगितलं. वहीवालीने तो खोडला नाही. बाजूला दुसरा काढला आणि वेळ लिहिली. मग लांब्याने विचारलं, पण मावशींना तर सगळं माहीत होतं, राउंडला त्या समोरच उभ्या होत्या, मग त्या का बोलल्या नाहीत? मी म्हणाले, विचारू या. व्हरांड्यातून मावशीला बोलावलं. उत्तर मला ठाऊकच होतं, फक्त तिच्या तोंडून यायचं होतं.

“मावशी, हे विचारतात, तुम्ही त्या दिवशी डॉक्टरांना का सांगितलं नाही? भीती वाटली का?”

तिने बादली खाली ठेवली.

“डॉक्टरला कायला भेवू? खातेत का ते मला?” ती म्हणाली. “तुम्ही लिव्हल्तं ना कागदावर. सही केल्ती. मी बोलले असते तर तुम्ही खोट्या पडल्या असत्या, समद्यांसमोर. आपल्यातली पोर त्या खुर्चीवर बसलेली मी पहिल्यांदाच पाह्यली. म्हनलं, माझ्या तोंडानं तिला न्हाई पाडायची. तुमच्याकडं बघू राह्यले, तुम्ही बोलाल म्हून.”

“आणि ती बाई?” माझ्या तोंडून निघून गेलं.

मावशीचे डोळे भरले. “तिच्याकडं बी बघू राह्यले,” ती म्हणाली.

तिघं पेन धरून वाट बघत होती. मी घाबरले होते. व्हरांड्यातून ओपीडीत गेले तेव्हापेक्षाही जास्त. एक बाई मरत होती आणि मावशी माझी खुर्ची धरून उभी होती. हे मला इंग्रजीत सांगता येत होतं. सगळे शब्द येत होते. पण ते सांगायचं म्हणजे मी कोण, कुठली, मावशी माझी कोण, हे सगळं सांगावं लागणार होतं.

मी म्हणाले, “त्या म्हणतात, त्यांना डॉक्टरांची भीती वाटली.”

तिघांनी ते लिहून घेतलं.

“बराबर सांगितलं ना?” मावशीने विचारलं.

“बराबर सांगितलं,” मी म्हणाले. तिने बादली उचलली आणि ती फरशी पुसायला गेली.